निम्मी धुतलेली, निम्मी कोरी

मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावर छप्पन्न बायकांची नावं आहेत. प्रत्येकीने आपलं नाव आपल्या हाताने पेन्सिलीने लिहिलं आणि मग त्यावर लाल दोऱ्याचे टाके घातले गेले. त्या बायकांपैकी आता फार थोड्या उरल्या आहेत. मी मात्र धडधाकट आहे.

नवं कापड आणलं की ते आधी धुवायचं की कोरंच गोधडीत घालायचं, यावर शिवणाऱ्या बायका जन्मभर भांडतात. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. नुसत्या ऐकल्या नाहीत, अंगावर घेतल्या आहेत. माझं पांढरं कापड धुतलेलं होतं आणि लाल कापड कोरं होतं. तेव्हा या प्रश्नावर बोलायचा माझ्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाला नाही, असं मी बेधडक म्हणते.

माझा जन्म कॅन्ससमधल्या एका लहान गावात, चर्चच्या तळघरात झाला. साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. चारी बाजूंना गहू, मधे धान्याचं एक उंच कोठार आणि एक चर्च, एवढंच आमचं गाव. दर मंगळवारी बायका तळघरात शिवायला जमत. येताना कोणी एकावर एक गोळा ठेवून भाजलेला दुमजली पाव आणी, कोणी मुरंबा, आणि कॉफीचं मोठं भांडं दिवसभर खदखदत असे.

पुढच्या वर्षी अडिना यांत्सेन निवृत्त होणार होती. ती सुईण होती. चाळीस वर्षं ती बर्फातून आणि चिखलातून गाडी हाकत शेतावरच्या घरांत गेली. पुढे गावाजवळ छोटं रुग्णालय झालं, तिथेही बाळंतिणीच्या उशाशी तीच. गावातली निम्मी माणसं तिच्या हातात जन्मली होती, म्हणून लहानथोर सगळे तिला अडिना मावशी म्हणत. तिला निरोपाला काय द्यायचं यावर फारशी चर्चा झालीच नाही. तिने ज्यांची बाळंतपणं केली आणि तिच्या हातात ज्या जन्मल्या, त्या सगळ्यांच्या नावांची गोधडी द्यायची ठरली. पांढऱ्या चौकोनावर एकेकीचं नाव आणि चौकोनांच्या मधून लाल पट्ट्या.

पांढरं कापड एल्व्हा गोअरिंगने आणलं. एल्व्हा बासष्ट वर्षांची, सडपातळ आणि कडक बाई होती. लग्न केलेलं नव्हतं. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात तिने सत्तावीस वर्षं काम केलं होतं. कोणता डाग कशाने जातो हे तिला आपल्या हाताच्या रेषांसारखं पाठ होतं. तिच्या घरी आलेलं कापड आधी पाण्यात जाई, मग दोरीवर, मग इस्त्रीखाली, आणि त्यानंतरच कात्रीला ते बघायला मिळे. माझे पांढरे चौकोन आणि माझं अस्तर तिने दोनदा उकळत्या पाण्यातून काढलं.

लाल कापड टिलीने आणलं. टिली ही एल्व्हाच्या धाकट्या भावाची, माइलोची बायको. वय अडतीस. गोल चेहरा, मोठं हसू आणि हाताला वाऱ्यासारखा वेग. तिच्याइतकी सरळ कात्री गावात कोणाची चालत नसे. टिलीला सासू नव्हती, म्हणून सासूचं काम नणंदेने हौसेने अंगावर घेतलं होतं. टिलीचं कणीक मळणं, मुलांना वाढवणं, गाजरं लावणं, सगळं एल्व्हाच्या नजरेखालून जाई आणि जाताना दोन शब्द ऐकून जाई.

तो ऑक्टोबरचा मंगळवार मला लख्ख आठवतो. मेजाभोवती अकरा बायका बसल्या होत्या. टिली लाल कापड पसरून पट्ट्या कापायला लागली, तेवढ्यात एल्व्हाने कापडाची कड दोन बोटांत धरून चोळली.

"टिली, हे कोरं आहे."

"हो एल्व्हाताई, कोरंच आहे."

"पाण्यातून न काढता लावणार?"

"कोऱ्या कापडाला खळ असते ताई. ते कात्रीखाली ताठ राहतं. धुतलं की लोळागोळा होतं, दसे सुटतात, मग एक पट्टी पोटात गेलेली आणि एक पाठीत."

"आणि पुढे आटलं म्हणजे?"

"आटू दे की! शिवल्यावर आटलं की गोधडीला बारीक सुरकुत्या पडतात. जुनी, मऊ दिसते. मला तर तशीच आवडते."

"सुरकुत्या हव्या असतील तर माझ्याकडून ने," कोपऱ्यातून टिलीची आई सुझाना रॅट्झलाफ म्हणाली. तिचं वय एकोणऐंशी होतं. "हव्या तेवढ्या ने, मला त्यांचा काही उपयोग नाही."

सगळ्या हसल्या. एल्व्हा हसली नाही.

"आटण्याचं सोड," ती म्हणाली. धुलाईघरातल्यासारखा तिचा आवाज सगळ्या तळघराला ऐकू जाई. "लाल आहे ते. लाल रंगाचा भरवसा नाही. पांढऱ्याच्या शेजारी बसवायचंय. तुकडा पाण्यात टाकून पाहिलास का?"

टिलीने पाहिला नव्हता. मी त्याच कापडाची होते. त्या लाल कापडाला पाण्याचा थेंबसुद्धा लागला नव्हता. पण त्या सकाळी एल्व्हाने तिला सहाव्यांदा टोकलं होतं आणि दहा बायका माना वर करून तिच्याकडे बघत होत्या. टिलीचे कान तापले.

"पाहिला ना," ती म्हणाली. "गरम पाण्यात टाकला, चांगला अर्धा तास. मग पांढऱ्या रुमालावर दाबून ठेवला. जरासुद्धा रंग गेला नाही."

एल्व्हाने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि आपल्या सुईत दोरा ओवायला लागली.

असं माझं शिवण सुरू झालं, मित्रांनो. पांढरा भाग खरा आणि लाल भाग एका थापेवर उभा.

थंडी पडायच्या आत सगळ्या बायकांनी आपापल्या चौकोनावर सही केली. काहींनी पटकन केली, काहींनी आधी वहीत गिरवून पाहिली. सुझानाला तिच्या लहानपणी घरोघर चालणारी जुनी जर्मन अक्षरं तेवढी येत. डोळ्यांनी जवळजवळ दिसतच नव्हतं. टिलीने तिच्या हाताखाली लाकडी पट्टी धरली, म्हणजे ओळ खाली उतरू नये. म्हातारीला ते एक नाव लिहायला पाव तास लागला. अक्षरं टोकदार आणि वाकडी आली, वाऱ्यात झुकलेल्या गव्हासारखी.

"हे कोणाला वाचता येईल का गं?" तिने विचारलं.

"मला येतं ना आई," टिली म्हणाली.

फेब्रुवारीत सुझाना वारली. तिने आयुष्यभर पत्रं मुलींकडून लिहून घेतली होती, हिशेबाच्या वह्या नवऱ्याने लिहिल्या होत्या, आणि कुटुंबाच्या बायबलात नावं लिहिली होती ती तिच्या सासऱ्याने. तिच्या स्वतःच्या हातचं असं जगात काय राहिलं, तर माझ्यावरचा तो एक चौकोन. टिलीने अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात त्यावर टाके घातले. एकेका अक्षराला तिने इतका वेळ दिला की तेवढ्यात एरवी तिने अख्खा सदरा शिवला असता.

मग चौकोन आणि पट्ट्या जोडल्या गेल्या, आत कापसाचा थर आला, खाली अस्तर आलं आणि मला लाकडी चौकटीवर ताणून बसवलं. निळ्या पेन्सिलीने माझ्यावर वेलबुट्टीच्या रेघा काढल्या आणि मार्च-एप्रिल दोन महिने बायका त्या रेघांवरून धावदोरा घालत राहिल्या. एका इंचात दहा टाके. ते दिवस माझ्या बालपणाचे सर्वांत आनंदाचे. कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या गाईला वासरू झालं, पास्टरांचं प्रवचन किती लांबलं, सगळं माझ्या डोक्यावरून जाई. खाली पोरं लपाछपी खेळत आणि मी त्यांना आकाशासारखी वाटे.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मला अडिना मावशीला द्यायचं ठरलं होतं. त्याआधी मला धुणं भाग होतं. निळ्या रेघा काढायच्या होत्या, शिवाय दोन ठिकाणी कॉफी सांडली होती आणि एकीच्या बोटाला सुई लागून रक्ताचा ठिपकाही पडला होता.

"मी नेते धुवायला," एल्व्हा म्हणाली.

"नको ताई, मी धुते," टिली घाईने म्हणाली. "थंड पाण्यात, हलक्या हाताने."

तिला भीती वाटत होती हे मला कळत होतं. ती थाप आता सात महिन्यांची झाली होती. कदाचित रंग पक्का असेल, कदाचित थंड पाण्यात काही होणार नाही, असं ती स्वतःला समजावत होती. गुरुवारी सकाळी तिने मला मशीनमध्ये सोडलं, साबणाची चिमूट टाकली आणि झाकण लावून समोर उभी राहिली. दहा मिनिटांनी तिने झाकण उघडलं.

पाणी बीटच्या सुपासारखं झालं होतं.

तिने मला ओलीच बाहेर ओढली आणि स्वयंपाकघरातल्या मेजावर पसरली. माझे छप्पन्न चौकोन गुलाबी झाले होते. काही फिके, काही गडद, काहींवर लालभडक डाग. सुझानाचं नाव लाल दोऱ्याचं. खालचं कापडही लालसर झाल्यामुळे ती झुकलेली अक्षरं त्यात बुडून गेली होती. टिलीने त्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

माइलो जेवायला आला तेव्हा ती तशीच होती. तो बिचारा भला माणूस. त्याने मेजाकडे पाहिलं, टोपी काढली.

"छान दिसतंय की," तो म्हणाला. "गुलाबी."

"माइलो, गप्प बस."

"अगं, मग ताईला विचार. तिची तर जिंदगी गेली यात."

"तीच तर अडचण आहे."

"काय खाणार आहे का ती तुला?"

"खाल्लं असतं तर बरं झालं असतं. ती काही बोलणार नाही. नुसती बघेल."

माइलोने थोडा विचार केला. "मग बघू दे," तो म्हणाला. "बघून झालं की काहीतरी करेल. ती कधी नुसती बघत बसलेली मी तरी पाहिली नाही."

टिलीने डोळे पुसले. मुरंब्याचं मोठं पातेलं आणलं, मला त्यात कोंबलं आणि छोट्या ट्रकच्या पुढच्या सीटवर ठेवून एल्व्हाच्या घराकडे निघाली. वाटेत ती सारखी पुटपुटत होती. वाक्य बनवायची, मोडायची. एल्व्हा परसात वाकून गवत काढत होती. टिली गाडीतून उतरली आणि कुंपणाजवळूनच बोलली, कारण जवळ गेल्यावर धीर राहिला नसता.

"ताई, मी तुकडा टाकून पाहिला नव्हता. मी खोटं बोलले. सगळी गोधडी खराब झाली. आईचं नावसुद्धा."

एल्व्हा उठली. हात झटकले. पातेल्यात डोकावली, माझी कड बोटांत धरून चोळली.

"कुठे वाळवलीस का?"

"नाही."

"इस्त्री?"

"नाही ताई, मशीनमधून काढली ती थेट इकडे."

"मग आत आण. लवकर."

तिने न्हाणीतल्या टबात नळाचं गरम पाणी सोडलं आणि चुलीवर तीन किटल्या उकळत ठेवल्या. भांडी घासायचा पातळ साबण त्यात ओतला. दोघींनी मला पसरून पाण्यात सोडली. वर तरंगू नये म्हणून चिनीमातीच्या बशा ठेवल्या. मित्रांनो, ते पाणी एवढं गरम होतं की माझा कापूसन् कापूस जागा झाला. पण मी घाबरले नाही. एल्व्हाचे हात मला ठाऊक होते. माझा निम्मा भाग त्याच हातांतून निघाला होता.

"एवढ्या गरम पाण्याने आणखी रंग जाईल ना?" टिलीने विचारलं.

"जाऊ दे. जायलाच हवा. जेवढा सुटा आहे तेवढा सगळा बाहेर येऊ दे. पाणी भरपूर असलं, की सुटलेला रंग पाण्यात राहतो, कापडावर बसत नाही. पाण्यात आहे तोवर तो पाण्याचा. कापडात वाळला की कापडाचा."

पाणी लाल झालं. त्यांनी ते सोडून दिलं आणि नवं भरलं. पुन्हा लाल झालं. तिसऱ्यांदा गुलाबी. प्रत्येक वेळी तासभर थांबायचं होतं. टिली टबाच्या काठावर बसली, एल्व्हाने स्वयंपाकघरातून खुर्ची आणली. मग एल्व्हाने विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत म्हणून."

"मग कुठे विचारायचं होतं?"

"बाजूला घेऊन." टिली पुढे बोलत राहिली. "लग्नाला सोळा वर्षं झाली ताई. एकदाही तुम्ही मला बाजूला घेऊन काही सांगितलं नाही. जे सांगितलंत ते दहा जणींसमोर. मी 'नाही पाहिला' म्हणाले असते, तर आठवडाभर गावात तेच झालं असतं."

एल्व्हाने पाण्यातली एक बशी सरळ केली.

"धुलाईघरात यंत्रांचा आवाज असायचा," ती म्हणाली. "ओरडूनच बोलावं लागायचं. सत्तावीस वर्षं. सवय राहिली असेल." मग म्हणाली, "पण खोटं ते खोटंच."

"हो ताई."

"आणि दुसरं ऐक. मला त्याच दिवशी कळलं होतं."

टिलीने चमकून वर पाहिलं.

"खरंच पाहिलेली बाई 'हो, पाहिला' एवढंच म्हणते. तू अर्धा तास काय, पांढरा रुमाल काय, सगळी कहाणी सांगितलीस. तिथेच कळलं. मी तुझ्या घरी येऊन तुकडा मागू शकले असते. कात्री चालायच्या आत थांबवू शकले असते. नाही थांबवलं. म्हटलं, जाऊ दे रंग, एकदा अद्दल घडू दे." "त्यात तुझ्या आईचं नाव येणार आहे, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. ती गेल्यावर सुचलं. तेव्हा तोंड उघडायची लाज वाटली."

नळातून थेंब पडत होते. टिलीने तोंडावर हात घेतला. मला वाटलं ती रडेल, पण ती हसायला लागली, रडता रडता.

"म्हणजे ताई, आपण दोघींनी मिळून बुडवली."

"मिळूनच काढू," एल्व्हा म्हणाली. "बशी उचल. पाणी बदलायला झालं."

त्यांनी सात वेळा पाणी बदललं. शेवटच्या पाण्यात मला रात्रभर ठेवली. शुक्रवारी सकाळी पाणी स्वच्छ होतं, बुडालेल्या बशीवरची निळी फुलं दिसत होती. दोघींनी मला टॉवेलात गुंडाळून दाबली, पिळली नाही. मग अंगणातल्या दोन दोऱ्यांवर आडवी टाकली. त्या दिवशी कॅन्ससचा वारा माझ्या बाजूने होता. दुपारपर्यंत मी वाळले.

पन्नासाहून जास्त चौकोन पुन्हा पांढरेशुभ्र झाले होते. तीन चौकोनांच्या कडेला फिका गुलाबी रंग राहिला, त्यात सुझानाचा एक. तिच्या शेवटच्या दोन अक्षरांखाली पहाटेच्या ढगासारखी एक छटा. पण नाव आता स्पष्ट वाचता येत होतं. टिली साबण आणून तो कोपरा घासायला लागली, तेव्हा एल्व्हाने तिचं मनगट धरलं.

"पुरे. आणखी घासलंस तर दोरा तुटेल. नाव ठेवायचंय की पांढरेपणा?"

टिलीने साबण खाली ठेवला.

आणखीही एक गोष्ट झाली होती. माझं पांढरं कापड आधीच धुतलेलं असल्यामुळे तसूभरही आटलं नव्हतं. लाल कापड मात्र चांगलंच आटलं. त्यामुळे पट्ट्या आक्रसल्या आणि प्रत्येक चौकोन मधोमध उशीसारखा फुगला. सगळ्या अंगावर बारीक चुण्या पडल्या. एल्व्हा लांब उभी राहून डोकं कलतं करून बघत होती.

"आटली," टिली भीत भीत म्हणाली.

"हं," एल्व्हा म्हणाली. मग मोठ्या कष्टाने पुढे म्हणाली, "वाईट दिसत नाही." टिलीला सोळा वर्षांत तिच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि ती तिने सगळ्या जन्माला पुरवली.

रविवारी तळघर खच्चून भरलं होतं. मला उघडून अडिना मावशीच्या मांडीवर ठेवलं. बायका आपापली नावं शोधायला पुढे झाल्या आणि कोणाच्या तरी नजरेला गुलाबी कड पडली. कुजबुज सुरू झाली. टिली उभी राहिली.

"ते माझ्यामुळे झालंय. लाल कापड मी पाण्यात टाकून पाहिलं नव्हतं. पाहिलं असं तुम्हा सगळ्यांसमोर खोटं सांगितलं. म्हणून सगळ्यांसमोरच सांगते."

कोणी काही बोलायच्या आत एल्व्हा उठली. "आणि मला ते ठाऊक होतं. मी गप्प बसले. ते खोट्यापेक्षा बरं नाही." एवढं बोलून ती खाली बसली. एल्व्हा गोअरिंगला चूक कबूल करताना त्या गावाने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कॉफीचं भांडं तेवढं खदखदत होतं.

अडिना मावशीने चष्मा नाकावर खाली ओढला, तिन्ही चौकोन निरखले आणि मान वर केली.

"चाळीस वर्षं मी मुलं हातात घेतली," ती म्हणाली. "एकसुद्धा पांढरंशुभ्र नव्हतं. सगळी गुलाबीच होती, सुरकुतलेली होती आणि भोकाड पसरत होती. टिली, तू तर सर्वांत जास्त. ही गोधडी मला ओळखीची वाटते."

सगळं तळघर हसलं. टिलीही हसली. मग दुमजली पाव फिरवले गेले.

अडिना मावशीने मला कपाटात ठेवलं नाही. एकोणीस वर्षं मी रोज तिच्या पलंगावर होते. वसंतात एकदा आणि गव्हाची पेरणी झाल्यावर एकदा ती मला धुवायची. बायका भेटायला आल्या की आपलं नाव बघून जायच्या. एखादी वारली की मावशी त्या संध्याकाळी तिच्या नावावर हात ठेवून बसायची. माझा लाल रंग उतरत विटकरी झाला, कापूस मऊ झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अंगावर घेतलेल्या गोधडीने झिजायचंच असतं.

मावशी गेल्यावर मी तिच्या भाचीकडे, लॉरेनकडे गेले. लॉरेनला माझ्याबद्दल फार आदर होता, आणि त्या आदरानेच माझा घात केला. "ही वापरायची वस्तू नाही," ती म्हणाली. तिने मला घट्ट घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तोंड बांधलं आणि तळघरातल्या कपाटात ठेवलं. वीस वर्षं. तिथे वारा नव्हता, माणसाचा स्पर्श नव्हता. घडीच्या रेषा पिवळ्या पडल्या. एका कोपऱ्याला बुरशीचा वास धरला. उकळत्या पाण्यात मी घाबरले नव्हते. त्या पिशवीत मात्र मला वाटलं, आता आपलं संपलं.

लॉरेनने घर विकलं तेव्हा तिची सून कॉरिन सामान आवरायला आली. कॉरिन शाळेची बस चालवते. कपाटातली पिशवी तिने उघडली, वासाने तोंड फिरवलं, मग मला जमिनीवर पसरली आणि गुडघ्यांवर बसून छप्पन्न नावं मोठ्याने वाचली. एक तिला वाचता आलं नाही. कोणी म्हणालं, ही आता धुवू नकोस, चिंध्या होतील. कोणी म्हणालं, फेकून दे. कॉरिनने चौकशी करत करत म्हाताऱ्या टिलीचं घर गाठलं. टिली अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली होती, काठी घेऊन चालत होती. तिने माझा कोपरा बोटांत धरून अगदी एल्व्हासारखा चोळला.

"धू," ती म्हणाली. "कापड भक्कम आहे. कोमट पाणी, भरपूर पाणी, आणि घासू नकोस. आणि ते न वाचता आलेलं नाव सुझाना रॅट्झलाफ असं आहे. लिहून ठेव, मी काही कायमची नाही."

कॉरिनने मला धुतली आणि उन्हावाऱ्यात टाकली. वास गेला. पिवळ्या रेषा पुष्कळशा गेल्या. तेव्हापासून मी पुन्हा पलंगावर आहे, आणि थंडीत कॉरिनच्या दोन्ही मुली माझ्यासाठी भांडतात.

आता माझा निकाल ऐका, मित्रांनो. कापड आधी धुतलंत तरी चालेल, कोरं वापरलंत तरी चालेल. धुतलेलं कापड घात करत नाही. कोरं कापड कात्रीला सोपं जातं आणि पुढे त्याच्या चुण्या छान पडतात. पण एक काहीतरी ठरवा. निम्मं असं, निम्मं तसं केलंत तर गोधडी माझ्यासारखी फुगेल. मी सुंदर दिसते, पण ते माझं नशीब. लाल, गडद निळा, गडद जांभळा असा रंग असेल तर मात्र वाद घालत बसू नका. बोटभर तुकडा गरम पाण्यात टाका, पांढऱ्या कापडावर ठेवा आणि बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. पाहिलं नसेल तर "नाही पाहिलं" म्हणा. आणि जिला विचारायचंय तिला बाजूला घेऊन विचारा.

तुमच्या घरात एखादी गोधडी असेल तर तिला मान देऊन मारू नका. प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. अंगावर घ्या, अधूनमधून घडी बदला, ऊन दाखवा. वर्षातून एकदा तरी धुवा. आणि धुवून झाली की ती एकट्याने दोरीवर टाकायला जाऊ नका. ओली गोधडी फार जड असते, एका बाजूने उचलली तर शिवण उसवते. घरात जो कोणी असेल त्याला हाक मारा. तुमच्याशी बोलत नसला तरी हाक मारा. दुसरं टोक धरायला तो येतो.